प्रत्यक्ष ऐकायचे राहून गेलेले बँड

चौथी_मात्रा

१५ डिसेंबर २०२४, रविवारची रात्र. झाकीर हुसेन गेल्याची बातमी आली, थोड्या वेळाने ती नाकारली गेली आणि सोमवारी सकाळी खरी ठरली. मधले ते तास मी डोंबिवलीच्या आमच्या गॅलरीत बसून काढले. डोक्यात एकच हिशेब चालू होता. संधी किती वेळा आली, आणि मी किती वेळा "पुढच्या वेळी जाऊ" म्हणालो.

तबल्याच्या साथीला मी त्यांना एकदा ऐकलंय, कॉलेजात असताना, पार मागच्या रांगेतून. राहिली ती 'शक्ती', त्यांचा बँड.

नववीत होतो तेव्हा मामाने एका कॅसेटवर त्यांची पहिली रेकॉर्ड भरून दिली होती. वर त्याच्या अक्षरात फक्त 'शक्ती, ७५' एवढंच. जुलै १९७५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या साउथहॅम्प्टनच्या कॉलेजात झालेला तो कार्यक्रम. पहिलाच तुकडा अठरा मिनिटांचा. गिटार जॉन मॅकलॉक्लिन, व्हायोलिन एल. शंकर, तबला झाकीर, घटम विक्कू विनायकराम, मृदंगम राघवन. ड्रमसेट नाही, बेस गिटार नाही. गिटार म्हणजे सिनेमातल्या पार्टीत हिरोच्या हातात असते ती, एवढीच माझी तेव्हाची समज. इथे ती सतारीसारखी झंकारत होती. बऱ्याच वर्षांनी कळलं की मॅकलॉक्लिनच्या त्या गिटारला खाली सात तरफेच्या, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या, तारा बसवल्या होत्या, आणि तार खोल दाबून मींड काढता यावी, स्वरावरून स्वरावर घसरता यावं म्हणून पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलं होतं. कॅसेटवर यातलं काही दिसत नाही. फक्त ऐकताना वाटायचं की हा माणूस गाण्याचा प्रयत्न करतोय.

डिसेंबर २००० मध्ये ते मुंबईत वाजवून गेले. तेव्हा 'रिमेंबर शक्ती' नाव होतं आणि व्हायोलिनच्या जागी यू. श्रीनिवास यांचं मँडोलिन. त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. मी नव्या नोकरीत होतो, रात्रपाळी होती, रजा मागायची हिंमत झाली नाही. २०१४ मध्ये श्रीनिवास गेले, जेमतेम पंचेचाळीस वर्षांचे. तेव्हा हळहळलो, पण शिकलो काहीच नाही. कारण जानेवारी २०२३ मध्ये पन्नाशीच्या दौऱ्यावर शक्ती पुन्हा मुंबईत आली. शंकर महादेवन, सेल्वागणेश, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन, आणि मॅकलॉक्लिन-झाकीर हे दोघे. मुलीची दहावीची प्रीलिम होती. आम्ही ठरवलं, तिची परीक्षा होऊ दे, पुढच्या हिवाळ्यात सगळे मिळून जाऊ. झाकीरभाई तर दर हिवाळ्यात येतातच.

तुमचा असा कोणता बँड राहिला? नुसती नावं नकोत, का राहिला तेही लिहा.

सायली_नाशिक

वाचतेय. माझं मोठं आहे, रात्री लिहिते.

सायन_सर्कल

चौथी_मात्रा, तुमचं वाचून पोटात कालवलं. मी शक्ती ऐकलेली नाही, पण ३ फेब्रुवारीला षण्मुखानंदला अनेक वर्षं गेलोय. झाकीरभाईंचे वडील अल्लारखाँसाहेब २००० साली त्या दिवशी गेले. त्यांच्या बरसीला झाकीरभाई पहाटेपासून रात्रीपर्यंत कार्यक्रम करायचे. हिवाळ्यातली अंधारी पहाट, सायनहून चालत निघायचं, सभागृहाबाहेर आधीच माणसं उभी. कुणी शाल पांघरलेलं, कुणी थेट रात्रीच्या गाडीने आलेलं, काही तबल्याचे विद्यार्थी आपापल्या गुरुजींच्या मागे घोळक्याने.

तुम्ही कॅसेटवर न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल लिहिलंय, म्हणून सांगतो. झाकीरभाईंचा डावा हात मी जवळून पाहिलाय. डग्ग्यावर मनगटाचा दाब देत ते स्वर वर न्यायचे, तेव्हा खांदा अजिबात हलायचा नाही. सगळं त्या चार बोटं रुंदीच्या जागेत चालायचं. आणि दुसरा कुणी वाजवत असला की ते ऐकताना जसे दिसायचे! मान थोडी पुढे, डोळे त्या वादकाच्या हातावर, समेच्या आधीच चेहरा उजळलेला. समोरचा पोरगा वीस वर्षांचा असला तरी तसंच. शक्तीबद्दल ज्यांनी ज्यांनी सांगितलंय ते हेच सांगतात, की पाचही जण सतत एकमेकांकडे बघत असत. माझ्या मते तुमचं राहिलं ते हे बघणं. सूर तुमच्याकडे आहेत.

पसरणी_घाट

आमचं घर वाईत. वडील पाचगणीला एका शाळेत लेखनिक होते, मी लहानपणी त्यांच्याबरोबर एसटीने घाट चढून जायचो. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा शिकून गेला, हे मला कळलं तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि तो मुलगा जगातून गेलेला होता.

फ्रेडी मर्क्युरी. जन्म झांझिबारचा, पण शाळा आमच्या डोंगरावरची. तिथे पियानो शिकला, बाराव्या वर्षी चार सवंगड्यांना घेऊन 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. म्हणजे ज्या रस्त्यावर आम्ही स्ट्रॉबेरीच्या टोपल्या बघत फिरायचो, तिथेच कुठेतरी तो सराव करून बाहेर पडत असणार. ही गोष्ट मी अजूनही पाहुण्यांना घाटातून नेताना सांगतो, आणि सांगताना दर वेळी अंगावर काटा येतो.

त्याच्या क्वीन या बँडचं मी सगळं ऐकलंय. १३ जुलै १९८५ ची लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवरची ती वीसेक मिनिटं किती वेळा पाहिली असतील, मोजदाद नाही. पियानोवर बसून सुरुवात, मग अर्धाच माइकचा दांडा हातात घेऊन अख्खं स्टेडियम आपल्यामागे गायला लावणं. तो एक सूर लावतो, सत्तर हजार लोक तोच सूर परत देतात. आमच्याकडे कीर्तनात बुवा अभंगाचा चरण टाकतात आणि मंडप उचलून धरतो, त्याच जातीचं ते वाटतं मला. फ्रेडीबरोबरचा त्यांचा शेवटचा कार्यक्रम ९ ऑगस्ट १९८६ ला इंग्लंडात नेबवर्थला झाला. माझं तेव्हा वय सहा. म्हणजे मला संधी कधी नव्हतीच. तरी राहून गेल्याचं दुःख होतं, आणि ते खोटं नाही.

रेकॉर्डवेडा

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये.

प्रत्यक्ष ऐकणं म्हणजेच खरं ऐकणं हे मला पटत नाही. बीटल्सचंच घ्या. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांवर माणसं होती. किंकाळ्या इतक्या, की स्टेजवर त्यांना स्वतःचं वाजवणं नीट ऐकू येत नव्हतं. तिथे बसलेल्यांनी बीटल्स पाहिले, ऐकले किती? ऑगस्ट १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला त्यांनी दौरे थांबवले, आणि त्यांचं मला सगळ्यांत प्रिय असलेलं काम त्यानंतरचं आहे. ते स्टुडिओत टेपांवर टेपा चढवून झालंय. लोकांपुढे ते पुन्हा एकदाच वाजवायला आले, ३० जानेवारी १९६९ ला लंडनमधल्या इमारतीच्या गच्चीवर, दुपारच्या वेळी, कोट घालून, गारठ्यात. खाली रस्त्यावरच्या लोकांना दिसतही नव्हतं.

माझ्याकडे सहाशेच्या वर एलपी आहेत. रात्री दिवा मालवून एक बाजू लावतो. मधे कुणी उठत नाही, मोबाइल वर धरत नाही. माझ्यासाठी तीच मैफल आणि ती पूर्ण आहे.

चौथी_मात्रा

रेकॉर्डवेडा, राग कसला. बीटल्सबद्दल पूर्ण सहमत, ते संगीतच टेपवर जन्मलं. पण शक्तीचं तसं नव्हतं. ती पहिली रेकॉर्डच कार्यक्रमाची होती. त्यांच्या बंदिशी म्हणजे नुसता आराखडा. तिहाई, म्हणजे समेवर येणारा तीनदा वाजवलेला तुकडा, कुठून उचलायची हे त्या क्षणी ठरायचं. म्हणजे माझ्या कॅसेटवर जे आहे ते जुलै ७५ मधल्या एका संध्याकाळचं आहे. जानेवारी २०२३ च्या मुंबईच्या रात्री जे झालं ते वेगळं होतं, आणि ते माझ्यापासून पाऊण तासाच्या अंतरावर झालं.

ट्रॉय_मिशिगन

मी हे आजवर कुणाला लिहून सांगितलेलं नाही.

१७ मे २०१७. मी डेट्रॉईटच्या उत्तरेला राहतो. त्या रात्री डाउनटाउनच्या फॉक्स थिएटरमध्ये साउंडगार्डन होते. सांगलीत इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघे मित्र हाच बँड ऐकायचो. क्रिस कॉर्नेलचा आवाज खर्जातून सुटून थेट तारसप्तकात जायचा. तिघांतला एक भावगीतं गायचा, तो म्हणायचा, या माणसाला कुणीतरी लहानपणी षड्ज घोटून घेतलाय. अमेरिकेत आल्यावर यांना एकदा ऐकायचंच, असं आम्ही एकमेकांना वचन दिलं होतं. तिघांत मीच आलो.

तिकिटं शिल्लक होती. गाडीने अर्धा तास. पण बुधवार होता, मी ऑन-कॉल होतो, रात्री काही बिघडलं तर लॅपटॉप उघडावा लागणार. कुणाला तरी अदलाबदल कर म्हणून विचारता आलं असतं. विचारलं नाही. त्या रात्री एकही फोन आला नाही. मी जेवलो, भांडी लावली, झोपलो.

सकाळी ऑफिसला जाताना रेडिओवर ऐकलं. कार्यक्रमानंतर काही तासांतच कॉर्नेल गेला होता, याच शहरात. वय बावन्न. मी गाडी हमरस्त्याच्या कडेला घेतली.

नंतर प्रेक्षकांनी काढलेले तुकडे पाहिले. शेवटचं गाणं त्यांच्या १९९१ च्या अल्बममधलं, लांबलचक, जड, त्यात मधेच लेड झेपेलिनची ओळ गुंफलेली. माझ्या सांगलीच्या मित्राला फोन केला, तिकडे रात्र झाली होती. तो काही बोलला नाही, फक्त म्हणाला, "तू होतास ना तिथे?" मी नाही म्हणालो.

सायली_नाशिक

ट्रॉय, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मित्राशी पुन्हा बोलला असाल अशी आशा.

आता माझं. माहेर इंदूरचं, आजोळ नर्मदेकाठी बडवानीजवळ. 'इंडियन ओशन' माझ्यापर्यंत नर्मदेच्या गाण्यामुळे आले. रेवा हे तिचं आमच्याकडचं घरचं नाव. त्या बँडमध्ये बेस वाजवणारे राहुल राम स्वतः नर्मदा आंदोलनात काम केलेले. दिल्लीच्या बँडच्या गाण्यात माझ्या आजीच्या तोंडची निमाडी! माझं वय एकोणीस होतं, मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून रडले होते.

माझा जीव असीम चक्रवर्तीच्या आवाजावर. तो मांडी घालून बसायचा, हात तबल्यावर आणि तोंडाने गाणं. ही दोन कामं एकत्र करणं किती कठीण आहे हे तबला शिकलेल्यांना विचारा. ठेका एकीकडे, गाण्याचं वजन दुसरीकडे. २००० सालचा त्यांचा 'कंदिसा' हा अल्बम ज्यांनी ऐकला असेल त्यांना माहीत आहे, त्यातलं शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चनांच्या प्राचीन भाषेतली प्रार्थना आहे. शब्द एकही कळत नाही, आणि कळायची गरजही पडत नाही. सुस्मित सेनची गिटार खाली वाहत असते, वर हा आवाज.

मी कॉलेजात असताना ते इंदूरला आले होते. रात्री दहानंतर हॉस्टेलचं दार बंद व्हायचं. मुलं गेली, आम्ही मुली राहिलो. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुलांनी दोन तास वर्णन केलं. असीम २५ डिसेंबर २००९ ला गेला. पुढे मी त्यांना ऐकलं, नवे गायक हिमांशु जोशी आणि तबल्यावर तुहीन होते. दोघंही उत्तम, मनापासून सांगते. पण रेवाचं गाणं सुरू झालं तेव्हा मी डोळे मिटले आणि चुकीच्या आवाजाची वाट बघत बसले. ते त्या गायकावर अन्याय करणारं होतं. पुढचं गाणं मी डोळे उघडे ठेवून ऐकलं.

हॉस्टेलच्या त्या दाराबद्दल मला अजून राग आहे. कुणाच्या आयुष्यात काय राहून जाणार हे किती वेळा असल्या कड्याकुलपांनी ठरतं.

धोबीतलाव

सायली, शेवटच्या वाक्याला अनुमोदन.

माझं बँडपेक्षा जागेचं दुःख आहे. मुंबईचं रंगभवन. झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं उघडं नाट्यगृह, वर आकाश. १९७८ पासून जॅझ यात्रा तिथे भरायची, मार्च १९८० मध्ये 'द पोलीस' हा इंग्लंडचा बँड तिथे वाजवून गेला, पुढे इंडिपेंडन्स रॉक महोत्सवात इथलेच किती बँड उभे राहिले. माझा मोठा भाऊ रॉक मशीन या बँडसाठी तिथे गेला होता, पावसात भिजून मध्यरात्री घरी आला आणि आईचा मार खाल्ला. मला म्हणाला, दोन वर्षं थांब, तुला नेतो. आजूबाजूला रुग्णालयं, शाळा, कॉलेज. शांतता क्षेत्राचा नियम आला आणि ते मैदान मुकं झालं. रुग्णांची बाजू मला समजते, माझी आई तिथल्याच एका रुग्णालयात परिचारिका होती. तरीही त्या भिंतीवरून जाताना पाय घुटमळतात.

मांडवी_काठ

गोव्यातून लिहितोय. क्रिस पेरी आणि लोर्ना.

तरुणांसाठी थोडं सांगतो. मडगावच्या बोर्ड्याचा क्रिस पेरी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवायचा, गाणी लिहायचा, चाली बांधायचा. अशी माणसं आमच्याकडे चर्चच्या पारोकियाल शाळांनी घडवली. तिथे पोरांना अक्षरांबरोबर स्वरलिपी शिकवत, व्हायोलिन हातात देत. मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदात इतके गोवेकर कसे, याचं उत्तर तिथे आहे. त्यांना नोटेशन वाचता यायचं. दिवसा स्टुडिओ, रात्री चर्चगेटच्या हॉटेलांतून जॅझ. अ‍ॅस्टोरिया हॉटेलातल्या 'व्हेनिस'मध्ये क्रिस पेरीचा बँड असायचा आणि लोर्ना गायची. घोगरा, भरदार, मधेच हसल्यासारखा आवाज. कोंकणी गाण्याला जॅझची चाल लाभली ती या दोघांमुळे.

माझे वडील बोटीवर खलाशी. मुंबईत बोट लागली की ते आणि त्यांचे सोबती कुडाच्या खोल्यांवर उतरायचे. कूड म्हणजे गावाने मुंबईत घेतलेली सामाईक खोली, आपापल्या गावच्या माणसांसाठी. एकदा पगार हातात असताना ते व्हेनिसच्या दारापर्यंत गेले. आत जायचे पैसे होते, कपडे नव्हते. बाहेर फुटपाथवर उभे राहून त्यांनी दोन गाणी ऐकली. ती दोन गाणी ते आयुष्यभर सांगत राहिले.

पुढे लोर्नाने गाणं सोडलं, पेरी दुबईला गेला, तिथे संगीतशाळा काढली. १९९५ मध्ये वीसेक वर्षांनी लोर्ना गोव्यात पुन्हा गायली तेव्हा वडील अंथरुणाला खिळलेले. मी त्यांच्याजवळ थांबलो. तिला मी नंतर ऐकलं, आनंद झाला. पण तो बँड, ती दोघं एका स्टेजवर, हे कुणालाच परत मिळालं नाही. २००२ मध्ये पेरी गेला.

सायन_सर्कल

फुटपाथवरची ती दोन गाणी. मांडवीकाठ, आज रात्री झोप येणार नाही.

रेकॉर्डवेडा

मी वर लिहिलेलं मागे घेत नाही, पण मांडवीकाठ यांच्या वडिलांनी भिंतीआडून जे ऐकलं ते माझ्या कुठल्याही एलपीवर नाही, हे मान्य. माझ्याकडे लोर्नाच्या रेकॉर्डची एक प्रत आहे, बाजू खराब आहे पण वाजते. तुम्हाला हवी असेल तर व्यक्तिगत निरोप टाका, पाठवतो.

नारायण_पेठ

बँड म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर लाल डगला आणि सोनेरी गोंडे येतात. आजोबा पुण्यात एका ब्रास बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे.

लग्नाच्या वरातीत सगळे ऐकतात ते सिनेमाचं गाणं. पण त्या वादकांची खरी परीक्षा विसर्जन मिरवणुकीत असायची. लक्ष्मी रोडवर दोन्ही बाजूंना जाणते लोक उभे. मास्तर हात वर करायचे, बाकी बँड थांबायचा आणि क्लॅरोनेट एकटं नाट्यगीत सुरू करायचं. मागे युफोनियमचा, म्हणजे पितळी जाड आवाजाच्या वाद्याचा, नुसता षड्ज. आजी सांगायची, आजोबा एकदा बेलबाग चौकात पिलू राग वाजवत होते आणि लोक पुढे सरकू देईनात. पायात चामडी बूट, सात-आठ तास चालत, फुंकून ओठ सुजलेले, दुसऱ्या दिवशी भाकरी दुधात कुस्करून खायचे.

मी त्यांना वाजवताना कधी ऐकलं नाही. माझ्या जन्माआधीच दातांनी दगा दिला आणि क्लॅरोनेट पेटीत गेलं. एकही रेकॉर्डिंग नाही. कुणी करावं असं कुणाला वाटलंच नाही. रेकॉर्डवेडा, तुमचा मुद्दा इथे थांबतो, कारण या लोकांकडे दुसरी मैफल नव्हती. रस्ता पुढे गेला की वाजवलेलं गेलं.

आता स्पीकरच्या भिंतींपुढे क्लॅरोनेट कुणाला ऐकू जाणार, असं लोक म्हणतात. पण मानाच्या गणपतींपुढे अजून ब्रास बँड असतात. प्रभात बँडच्या मागे मी दर वर्षी चालतो. कुणी म्हातारा वादक एकल वाजवायला लागला की त्याच्या बोटांकडे बघतो. आजोबांची अशीच चालत असतील, असं मनाशी धरतो.

चौथी_मात्रा

नारायणपेठ, पुण्यात वर्षानुवर्षं येतो, पण विसर्जनाला कधी आलो नाही. या अनंत चतुर्दशीला येऊ का? मुलगीही येईल, तिची आता परीक्षा नाही.

नारायण_पेठ

अवश्य या. मंडईत टिळकांच्या पुतळ्यापाशी सकाळी नऊला उभा असतो. पहिला गणपती निघायच्या आत पोचा, तेव्हा गर्दी कमी असते आणि वादक ताजे असतात. रस्त्याच्या डाव्या हाताला राहू, क्लॅरोनेटवाले बहुतेक त्या बाजूला चालतात.

ट्रॉय_मिशिगन

सप्टेंबरमध्ये सांगलीला येतोय. मित्राला घेऊन मीही पोचतो.

नारायण_पेठ

या. डबा घरून आणतो, चौघापाचांना पुरेल एवढा.